तापी-गिरणेचा मासा: कोणता खावा, कोणता टाळावा?

प्रश्न: आमचं गाव तापीच्या काठावर. पोरं कधी नदीतून, कधी नाल्यातून, कधी धरणाच्या पाण्यातून मासे धरून आणतात. आजी सांगते, कालवणात चांदीचा रुपया टाकायचा, काळा पडला तर मासा विषारी. शेजारचे म्हणतात, मुंग्या लागल्या की मासा चांगला समजायचा. मुलगा मोबाइलवर दाखवतो की उष्ण प्रदेशातल्या माशांत कितीतरी जाती विषारी असतात. आमच्या तापी, गिरणा, पांझरेत असा विषारी मासा आहे का? असेल तर ओळखायचा कसा?
(एक वाचक, शिरपूर तालुका)

उत्तर: आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, बोरी, अनेर या नद्यांत आणि हतनूर, गिरणा, अक्कलपाडा अशा धरणांत नेहमी जाळ्यात येणारे मासे म्हणजे रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या, मरळ, शिंगाळा, वाम आणि हल्ली सगळीकडे पसरलेला तिलापिया. यांतल्या एकाचंही मांस जातीनंच विषारी नाही. तरीही याच माशांपायी माणसं दवाखान्यात जातात, काहींच्या किडन्या बंद पडतात. म्हणून जात विचारून थांबू नका. मासा कुठल्या पाण्यातला, कोणी कसा धरला, धरून किती वेळ झाला आणि त्याचा कोणता भाग ताटात आला, हे चार प्रश्न आपल्या भागात जातीपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत.

तुमच्या मुलानं पाहिलेलं खोटं नाही, पण ते समुद्रातलं आहे. कोकणात ज्याला केंड म्हणतात, तो फुग्यासारखा फुगणारा मासा खरोखर विषारी. त्याच्या यकृतात, अंड्यांत आणि कातडीत टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असतं. ते मज्जातंतूंचं काम थांबवतं, श्वासाचे स्नायू लुळे पडतात, आणि शिजवल्यानं ते जात नाही. जपानमध्ये हा मासा कापून वाढायला आचाऱ्याला खास परवाना लागतो. १७७४ साली कॅप्टन कुकच्या जहाजावर न्यू कॅलेडोनियाजवळ असाच मासा आला. कुकनं आणि त्याच्या सोबत्यांनी यकृत आणि अंडी नुसती चाखली, तरी रात्री हातपाय बधिर झाले. आतडी खाल्लेलं डुक्कर सकाळी मेलेलं सापडलं. दुसरा प्रकार प्रवाळाच्या खडकांवर राहणाऱ्या मोठ्या शिकारी माशांचा. तिथल्या एका सूक्ष्म शैवालातलं विष छोट्या माशांतून मोठ्या माशांत साठत जातं. असा मासा खाल्लेल्या माणसाला थंड पाणी चटका बसल्यासारखं लागतं, आणि हे काही आठवडे टिकू शकतं. लक्षद्वीप किंवा अंदमानला फिरायला गेलात तर मोठ्या खडकमाशांची डोकी, यकृत आणि अंडी खाऊ नका. केंडाच्या जातीचा मासा तापी-गिरणेच्या जाळ्यात येत नाही आणि आपल्याकडे प्रवाळ नाही. म्हणून हे दोन्ही धोके खान्देशातल्या गोड्या पाण्याला लागू होत नाहीत.

आजीच्या रुपयाबद्दल आदर ठेवूनच सांगतो, तो प्रयोग बंद करा. चांदी काळी पडते ती गंधकामुळे, म्हणून उकडलेल्या अंड्यानंही पडते. माशातल्या कोणत्याही विषाचा चांदीवर परिणाम होत नाही. कीटकनाशकानं मेलेला मासा टाकला तरी रुपया लखलखीत राहू शकतो आणि घरातले निर्धास्त जेवतील. मुंग्यांचंही तसंच. माणसाला काय विषारी आहे, ते मुंगीला कळत नाही.

आता आपल्याकडच्या खऱ्या धोक्यांकडे येऊ. पहिला धोका चांगल्या, ताज्या, जिवंत रोहूच्या पोटातच असतो. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा हे सगळे एकाच कुळातले. या कुळातल्या माशांच्या पित्तात सायप्रिनॉल नावाचं द्रव्य असतं. यकृताला चिकटलेली ती हिरवी, बोराएवढी पिशवी कच्ची गिळली की साखर उतरते, दमा जातो, नजर तेज होते, असा समज देशाच्या अनेक भागांत आहे आणि आपल्या खेड्यांतही सांगणारे भेटतात. हा समज जीवघेणा आहे. पित्त गिळल्यावर काही तासांत पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. एक-दोन दिवसांत उलट्या थांबतात, माणसाला वाटतं सुटलो. तेवढ्यात लघवी कमी होऊ लागते, डोळे पिवळे होतात, आणि दोन-तीन दिवसांत किडन्या काम सोडतात. भारतातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण वेळोवेळी नोंदले आहेत. वेळेवर डायलिसिस मिळालं तर बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. उशीर झाला तर प्राण जाऊ शकतो.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पित्त भाजलं, उकळलं किंवा दारूत घातलं तरी त्यातलं विष मरत नाही. आणि अशा रुग्णाला दवाखान्यात नेल्यावर घरचे लाजेपोटी किंवा विसरून पित्ताचं सांगत नाहीत, मग डॉक्टर साधी हगवण समजून सलाईन लावतात. माशाचं पित्त खाल्लंय हे पहिल्याच वाक्यात सांगा, त्यावर पुढची सगळी दिशा ठरते. मासा साफ करताना पिशवी चुकून फुटली तर घाबरायचं कारण नाही. मांस कडू होतं, ते भरपूर पाण्यानं धुवा, हिरवा डाग पडलेला तुकडा काढून टाका. धोका पिशवी गिळण्यात आहे. मधुमेहाच्या माणसाची किडनी आधीच नाजूक असते आणि नेमक्या त्यालाच हा इलाज सुचवला जातो. कोणी सुचवला तर भांडण झालं तरी चालेल, पण अडवा.

दुसरा धोका नाल्याचा, आणि तो मला जास्त अस्वस्थ करतो, कारण त्यात लहान पोरं सापडतात.

सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल आणि पावरा बांधव पूर्वापार हिंगणबेटाची फळं-साल किंवा गेळफळ ठेचून उथळ डोहात टाकत आले आहेत. त्यातल्या फेसाळ द्रव्यानं माशाचे कल्ले बिघडतात, त्याला श्वास घेता येत नाही, तो वर येतो. मासा लगेच धरून, पोट काढून, नीट शिजवला तर अशा माशानं माणसाला सहसा काही होत नाही. डोहातली सगळी लहानमोठी मासळी मरते, हा त्यातला मोठा तोटा. पण आता हिंगणबेटाच्या जागी कपाशीवरच्या औषधाची बाटली आली आहे, आणि हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. आपला भाग कपाशीचा आणि केळीचा, त्यामुळे औषध घरोघरी असतं. सायपरमेथ्रिनच्या गटातली औषधं माशांसाठी इतकी जहाल असतात की एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा लाखावा भाग मिसळला तरी मासे मरू शकतात. प्रोफेनोफॉससारखी दुसऱ्या गटातली औषधं माणसाच्या मज्जातंतूंवरही घाव घालतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. असलंच औषध नाल्यात ओतून धरलेला मासा आपण पोरांच्या ताटात वाढावा का? शिवाय पोरं त्याच मांडीएवढ्या पाण्यात उभी राहून मासे वेचतात, म्हणजे विष तोंडात जाण्याआधी कातडीतून आत शिरू लागतं.

प्रत्येक वेळी कोणी मुद्दाम ओततं असंही नाही. फवारणीचा पंप नाल्यात खंगाळला, रिकामा डबा पाण्यात फेकला आणि रात्री पाऊस पडला, की सकाळी पोट वर करून मासे तरंगताना दिसतात. फुकट आलेली मासळी म्हणून टोपल्या भरल्या जातात. मासे दुसऱ्या कारणानंही मरतात. पहिल्या जोरदार पावसात गढूळ पाणी येऊन कल्ल्यांत गाळ भरतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. उन्हाळ्यात हिरव्या पडलेल्या तळ्यात पहाटे असंच होतं. पण गुदमरलेला मासा आणि औषधानं मेलेला मासा शेजारी ठेवले तर डोळ्यांनी फरक करता येत नाही. मलाही येत नाही, पन्नास वर्षं जाळं टाकणाऱ्या भोईबुवांनाही येत नाही. म्हणून यात तडजोड नको. पाण्यावर तरंगणारा मेलेला मासा, मग तो दोन किलोचा कटला का असेना, घरी आणायचा नाही. कुत्र्या-कोंबड्यांनाही घालायचा नाही. पुष्कळ मासे एकदम मेलेले दिसले तर ग्रामपंचायतीला आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा आणि तिथलं पाणी गुरांना पाजू नका.

पाण्यात विष घालून किंवा स्फोट करून मासे मारणं कायद्यानं गुन्हा आहे. जिलेटिन फोडून किंवा तारेवर आकडा टाकून करंट सोडून मारलेला मासा खाणाऱ्याला विषारी नसतो, पण मारणारा जिवाला मुकू शकतो, आणि असा मासा अनेकदा उशिरा सापडून आतून सडलेला असतो.

तिसरा धोका पाण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात ३५१ पट्टे होते. महाराष्ट्रातले ५३, देशात सर्वांत जास्त, आणि त्यांत तापी आणि गिरणाही होत्या. ही यादी वाचून काही लोकांनी नदीचा मासाच सोडला. तसं करायची गरज नाही, कारण ती यादी मुख्यतः पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर, म्हणजे सांडपाण्यावर बेतलेली आहे. माशात शिसं किंवा पारा किती, याचं ते मोजमाप नव्हे. सांडपाण्यातले जंतू माशाच्या खवल्यांवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत असतात आणि चांगल्या उकळीनं मरतात. खरी गडबड पुढे होते. ज्या पाटावर मासा कापला त्याच पाटावर, त्याच विळीनं कांदा-कोथिंबीर चिरली जाते. मासा शिजतो, कांदा शिजत नाही. विळी, पाट आणि हात साबणानं धुतले तर आजारांचं मोठं कारण तिथेच संपतं.

रसायनांची गोष्ट वेगळी. ती शिजवून जात नाहीत. म्हणून शहराचं गटार, कारखान्याचा नाला किंवा वीज केंद्राच्या राखेचं पाणी जिथे नदीला मिळतं, तिथून खालच्या दोन-चार किलोमीटरमध्ये मासे धरू नयेत, असं मी सांगेन. धुळे शहराखालची पांझरा उन्हाळ्यात वाहते तेव्हा तिच्यात पाणी कमी आणि सांडपाणी जास्त असतं. अशा वेळी तिथल्या माशांच्या मोहात पडू नका. त्याउलट पावसाळ्यानंतर भरलेल्या हतनूरचा, गिरणा धरणाचा किंवा सातपुड्यातून येणाऱ्या सुकी, मोर, अनेर यांच्यावरच्या धरणांचा मासा मी निःशंकपणे खाईन.

त्यातही निवड करायची असेल तर माशाचा आहार बघा. कटला वरच्या थरातलं सूक्ष्म अन्न खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ आणि सायप्रिनस तळाचा गाळ उकरतात. पाणी शंकास्पद असेल तर गाळ उकरणारे टाळा. मरळ, शिंगाळा, वाम हे दुसऱ्या माशांवर जगतात, आणि पारा एका माशातून दुसऱ्यात जाताना वाढत जातो. म्हणून या जातींचे फार मोठे, जुने मासे गर्भवती बाईला आणि लहान मुलांना वरचेवर देऊ नयेत. त्यांच्यासाठी किलोभराचा रोहू किंवा काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी उत्तम, तिच्यातून कॅल्शियमही मिळतं. कीटकनाशकं चरबीत साठतात, म्हणून पोटाकडची पिवळी चरबी, यकृत आणि आतडी काढून टाका. पारा मात्र मांसात असतो, तो सोलून किंवा धुऊन जात नाही. पाणी हिरवंगार, रंग सांडल्यासारखं, वर साय धरलेलं असेल तर त्या तळ्यातला मासा त्या दिवसांत खाऊच नका. पाणी असं हिरवं करणाऱ्या शेवाळाचं विष यकृतात आणि आतड्यांत साठतं आणि उकळीला दाद देत नाही.

हिवाळ्यात कधीकधी मरळीच्या अंगावर लाल, खोल जखमा दिसतात. हा १९८८ पासून भारतात पसरलेला बुरशीजन्य रोग आहे. तो माणसाला लागत नाही, तरी त्या जखमांत दुसरे जंतू वाढलेले असतात, म्हणून असा मासा टाकून द्यावा. आणि पोरांना एक जरूर सांगा. नाल्यातले खेकडे काठावर काटक्या पेटवून अर्धेकच्चे भाजून खाऊ नका. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतून फुप्फुसात शिरणाऱ्या कृमींचे रुग्ण ईशान्य भारतात नोंदले गेले आहेत, आणि त्यांच्यावर क्षय समजून उपचार झाले आहेत. खेकडा पूर्ण उकळला की ही भीती उरत नाही.

मासा खाल्ल्यावर तोंडाला लाळ सुटणं, दरदरून घाम, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी बारीक होणं, अंगाचे स्नायू फडफडणं यांतलं काही दिसलं तर ती औषधाची विषबाधा समजा. मीठपाणी पाजून उलटी करवत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि उरलेलं कालवण किंवा मासा डब्यात घालून सोबत न्या. नाल्यात कोणतं औषध पडलं होतं हे कळलं असेल तर त्याची बाटलीही घ्या. डॉक्टरांचा वेळ वाचतो.

प्रश्न: आम्ही जळगाव शहरात राहतो, मासा बाजारातूनच घेतो. बांगडा खाल्ल्यावर एकदा घरात दोघांचं तोंड लाल झालं, डोकं ठणकलं. स्वस्त पापलेट खरं असतं का? मांगूरवर बंदी आहे म्हणतात, तरी तो विकायला असतो. आणि सुकटीचं काय?
(एक गृहिणी, जळगाव)

उत्तर: बांगड्यानं झालं ते बहुधा हिस्टामिनमुळे. बांगडा, तारली, कुपा या गडद मांसाच्या समुद्रमाशांना बर्फ कमी पडला की जंतू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. पुष्कळ जण ती माशाची ॲलर्जी समजून आयुष्यभर मासा सोडतात. दोष माशाचा नसून वाहतुकीचा असतो. समुद्रापासून आपल्यापर्यंत तीनशे-चारशे किलोमीटर, आणि एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात. हिस्टामिन एकदा तयार झालं की तळून जात नाही. घास जिभेला मिरीसारखा चुरचुरला तर तिथेच थांबा. श्वास घ्यायला त्रास झाला तर मात्र दवाखाना गाठायचा, घरी वाट बघायची नाही.

घेताना बर्फ बघा. मासा बर्फावर ठेवलेला नको, बर्फात पुरलेला हवा. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटानं दाबलं की मांस वर येणारं, वास नदी-समुद्राचा. एक उलटी खूणही ध्यानात ठेवा. मासा दगडासारखा ताठ, कसलाच वास नाही आणि भर दुपारी त्यावर एकही माशी नाही, तर मासा टिकवायला चोरून वापरल्या जाणाऱ्या फॉर्मलिन या रसायनाची शंका घ्या. २०१८ साली केरळात अशा मासळीचे मोठे साठे पकडले गेले, आणि त्याच वर्षी जुलैत गोवा सरकारनं बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली होती. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं फॉर्मलिन आणि अमोनिया ओळखणाऱ्या पट्ट्या तयार केल्या आहेत. शंका असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. ग्राहक म्हणून तो आपला हक्क आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा या दोन महिन्यांत आजच धरलेली सुरमई म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कडक गोठवलेला मासा चालेल, वितळवून पुन्हा गोठवलेला नको.

स्वस्त पापलेट बहुतेक वेळा रूपचंद असतो. हा मूळ दक्षिण अमेरिकेतला, आता आपल्याकडे तळ्यांत वाढवलेला गोड्या पाण्याचा मासा. विषारी नाही, चवीला बराही आहे, पण त्याच्या दरात घ्यावा. ओळख सोपी. तोंड उघडा, रूपचंदला दणकट दात असतात. पापलेटला पोटाखाली परांची जोडी नसते, रूपचंदला असते, आणि शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल परही असतो.

देशी मांगूर चांगला, पचायला हलका मासा आहे, त्यावर बंदी नाही. बंदी आहे ती थाई मांगूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकन जातीवर. केंद्र सरकारनं २००० साली त्याची पैदास बंद केली, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं असे साठे नष्ट करायला सांगितलं. तो दिसेल ते खातो, पुरात सुटून नदीत गेला की देशी मासळी संपवतो, आणि चोरून वाढवणारे त्याला घाण डबक्यांत कत्तलखान्यातला सडका टाकाऊ माल घालतात. देशी मांगूर सहसा पाव ते अर्धा किलोचा. दीड-दोन किलोचा, अंगावर करड्या ढगाळ ठिपक्यांचा मांगूर टोपलीत वळवळत असेल तर तो देशी नाही. घेऊ नका. आपण घेतो म्हणून तो वाढवला जातो.

सुकट, बोंबील, झिंगे हा तर आपल्या आठवडी बाजाराचा जीव. शेतीच्या कामाच्या दिवसांत कळण्याच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी असली की दुसरं काही लागत नाही. ती कोरडी, चुरचुरणारी, स्वच्छ वासाची असावी. खारवलेल्या माशावर गुलाबी झाक दिसली तर ती मिठात वाढणाऱ्या जंतूंची, तपकिरी ठिपके असले तर बुरशीची. दोन्ही टाळा. औषधाचा उग्र वास आला तर पैसे परत मागा, कारण माश्या लागू नयेत म्हणून काही ठिकाणी सुक्या मासळीवर कीटकनाशक मारल्याचं आढळलं आहे. घरी आणून कडक ऊन दाखवा, करण्याआधी गरम पाण्यात दोनदा धुवा. रक्तदाबाच्या माणसाला ती बेतानंच वाढा, मीठ फार असतं.

आणखी एक सांगतो. शक्य असेल तेव्हा ओळखीच्या भोई किंवा कोळी विक्रेत्याकडून, धरणाच्या मच्छीमार संस्थेच्या पहाटेच्या मालातून घ्या. ज्याला उद्या पुन्हा तुमच्यासमोर टोपली मांडायची आहे, तो कुठल्या पाण्यातला मासा ते खरं सांगतो. त्याला दर आठवड्याला विचारत राहा.

प्रश्न: मित्राच्या जाळ्यात काळपट, अंगावर कवच असलेला, तोंड खाली असलेला विचित्र मासा आला. हा खातात का? परत पाण्यात सोडावा का?
(एक विद्यार्थी, धुळे)

उत्तर: वर्णनावरून तो सकर मासा दिसतो. हाही दक्षिण अमेरिकेतलाच. घरच्या काचेच्या टाकीत शेवाळ चाटायला ठेवतात, मोठा झाला की लोक नदी-तळ्यात सोडून देतात. उजनी धरणातले मच्छीमार त्याच्यापायी हैराण आहेत. जाळी फाटतात आणि त्याला बाजारभाव नाही. मांस विषारी नाही, मेक्सिकोत तो खाल्लाही जातो, पण तो गाळ चाटून जगतो, म्हणून शहराजवळच्या पाण्यातला खाऊ नये. काटेरी परांपासून हात सांभाळा. पाण्यात परत टाकू नका, जमिनीत खोल पुरा, आणि कुठे सापडला ते मत्स्यव्यवसाय विभागाच्या धुळ्याच्या कार्यालयात फोटोसह कळवा. तुमच्या ओळखीत कोणाला टाकीतले मासे नकोसे झाले असतील, तर ते दुकानदाराला परत द्यायला सांगा, पांझरेत किंवा नकाणे तलावात सोडू देऊ नका.